खैरदऱ्याची सोपी फेरी

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५
दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. खैरदऱ्याच्या विश्रामगृहाच्या ओट्यावर बसलो आहे. ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत घातले आणि ही नवी वही उघडली.

सुखरूप पोहोचलो. काल बोदवडहून निघालो, रात्री धुळ्याला मावसभावाकडे थांबलो आणि आज सकाळची पहिली बस धरली. फाट्यापासून रिक्षा. रंगाचे डबे मांडीवर धरून बसलो होतो, एकाचेही झाकण सुटले नाही. रिक्षावाला म्हणाला, इतलं जपीसनी तर कोनी पोऱ्याले बी नही लई जात. मला हसू आले.

काम मनासारखे आहे. इथल्या पर्यटन समितीने जंगलातून एक पायवाट आखली आहे. तिला 'सोपी फेरी' म्हणतात, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना जमेल अशी. वाटेत जुनी देखणी ठिकाणे आहेत. मी बाण काढायचे आणि पत्र्याच्या पाट्या लिहायच्या. जंगलातल्या उन्हात फ्लेक्स टिकत नाही, म्हणून हाताने लिहिणारा माणूस हवा होता. फ्लेक्स आल्यापासून बोदवडला मला कोणी पाटी सांगितली नव्हती. दोन वर्षे कापसाच्या जिनिंगमध्ये गोण्यांवर नंबर टाकत होतो. दहावीत गणित राहिले ते राहिलेच, पण माझ्या हाताने ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही, हे मी कोणालाही सांगू शकतो.

विश्रामगृह दगडी आहे, दोन खोल्यांचे, कौलारू. राखणदार झुलाल आबा आणि त्यांच्या पत्नी मंदाबाई मागच्या खोलीत राहतात. मंदाबाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणणार. माझे जेवण त्यांच्याकडेच आहे. आबा सत्तरीचे आहेत, पायात टायरच्या वहाणा, आणि दर चार वाक्यांनंतर एक कोरडा खोकला. त्यांनी माझे डबे पाहिले आणि विचारले, काय दखाडशी, म्हणजे काय दाखवणार? मी म्हणालो, वाट. ते म्हणाले, सत्तर वरीस व्हयनात, माले कधी रंग नही लागना. अक्कांनी आतूनच टोला दिला, की यांना घरची वाट तरी कुठे सापडते, जेवायला रोज हाका माराव्या लागतात.

दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत जेवलो. अक्का म्हणाल्या, तुम्हनाकडे भरीतमा तेलच तेल ऱ्हास. मी बोदवडची बाजू घेतली नाही. भरीत खरोखरच चांगले होते.

बुधवार, १२ फेब्रुवारी
आज पूर्ण फेरी आबांबरोबर चाललो. आधी वाट नीट पाहावी, मग रंग उघडावा, ही माझी पद्धत.

अडीच किलोमीटर आहे. चढ जवळजवळ नाहीच. ओट्याच्या डाव्या हाताने आत शिरायचे. पळस फुलले आहेत, खाली पाकळ्यांचा सडा पडला आहे. पहिल्यांदा महादेवाचे दगडी देऊळ लागते, चुन्यावाचून रचलेले. मग तीन वीरगळ, त्यांतल्या एकावर घोडा अजून स्पष्ट दिसतो. मग अंजनाची दाट झाडी, मग बारव. बारवेला सतरा पायऱ्या, कोनाड्यांत नक्षी, तळाला हिरवे पण गोड पाणी. बारवेपासून वाट वळून ओट्याच्या उजव्या हाताला निघते. रमतगमत चालले तरी तास लागत नाही.

बाण पिवळे काढतो आहे. झाडावर नाही, फक्त दगडावर. एका बाणापाशी उभे राहिले की पुढचा दिसलाच पाहिजे, असा मी नियम केला आहे. म्हणजे कोणी चुकूच शकणार नाही. बाण प्रदक्षिणेच्या दिशेने आहेत, आबांनाही ते पटले. उलटी फेरी मढ्याला, असे ते म्हणाले.

समितीने दिलेल्या मजकुरात 'प्राचिन' आणि 'विरगळ' होते. दोन्ही दुरुस्त केले. कोणाला न विचारता केले म्हणून संध्याकाळपर्यंत धाकधूक होती. मग वाटले, बरोबर लिहिल्याबद्दल कोण रागावेल?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
एक गोष्ट लिहून ठेवायची राहिली होती.

बारवेच्या अलीकडे वाट वळते, तिथे एका मोठ्या अंजनाखाली दगडांचा ढीग आहे, माझ्या छातीइतका उंच. आबा तिथून जाताना दरवेळी वाकतात, वाटेतला एक दगड उचलतात, ढिगावर ठेवतात आणि म्हणतात, बस रे भाऊ, बस. एखाद्या पाहुण्याला म्हणावे तसे. आज मी विचारले.

त्यांच्या आज्याच्या काळातली गोष्ट आहे. एक कासार काकणांचे गाठोडे घेऊन दुपारचा एकटाच या झाडीतून बाजाराला निघाला आणि त्याला चकवा लागला. तीन दिवस तो इथेच फिरत राहिला. बारवेवर पाणी भरणाऱ्या बायकांना त्याची काकणे वाजताना ऐकू यायची, तो पाणी मागायचा तेही ऐकू यायचे. लोक आवाजाच्या मागे जायचे, आवाज पुढेच. तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज थांबला. तो या अंजनाला टेकून बसलेला सापडला. पाण्यापासून इतका जवळ, की ओट्यावरून फाटकाशी जावे. त्याला अग्नी दिला, तरी आठवड्याने काकणे पुन्हा वाजू लागली. तेव्हा जुन्या माणसांनी ठरवले, की जो या वाटेने जाईल त्याने एक दगड ठेवायचा आणि त्याला बस म्हणायचे. एका येण्याला एकच दगड. घमेल्याने ओतून चालत नाही. बठ्ठा गाव दगड ठेवस, म्हनीसन तो बसेल शे, असे आबा म्हणाले, म्हणजे सगळा गाव दगड ठेवतो म्हणून तो बसलेला आहे.

चकवा एकट्यालाच धरतो, असेही म्हणाले. दोघे असले की त्याचे काही चालत नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही, पण ज्या वाटेवर आपण चालतो त्या वाटेची रीत पाळावी. मीही एक दगड ठेवला. बस म्हणायला मात्र लाज वाटली.

सोमवार, १७ फेब्रुवारी
समितीचे सचिव योगराज सर मोटरसायकलवर आले. हेल्मेट कोपरात अडकवून सगळी फेरी पाहिली. पाट्या आवडल्या, फोटो काढले. मग म्हणाले, पण वाट उठून दिसत नाही. त्यांनी मोबाइलवर कुठल्यातरी पर्यटनस्थळाचा फोटो दाखवला. वाटेच्या दोन्ही कडांना चुना दिलेले पांढरे दगड, एका ओळीत. रविवारी उद्घाटन आहे आणि पुढच्या बुधवारी महाशिवरात्र, त्या दिवशी देवळाला शेकडो माणसे येतात. रविवारच्या आत कडा पांढऱ्या झाल्या पाहिजेत.

एवढे सारखे दगड कुठून आणायचे, असे मी विचारले. त्यांनी मला ढिगापाशी नेले आणि म्हणाले, हा घे, आयता डेपो.

मी म्हणालो, हे आबांचे आणि गावाचे आहे. ते हसले. म्हणाले, कुंदन, तू दहावी नापास असशील, पण अडाणी नाहीस ना? शिवाय धुळ्यात पेंटरांना तोटा नाही, हेही ऐकवले.

आबा पुतण्याच्या लग्नाला दोंडाईच्याला गेले आहेत, गुरुवारी येणार. अक्का गुडघ्यामुळे गेल्या नाहीत. त्यांना विचारायला हवे होते. विचारले नाही, कारण त्या नाही म्हणतील हे मला माहीत होते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
ढीग काढला.

सकाळी सातला सुरुवात केली. वरचे दगड मुठीएवढे, खाली खाली मोठे आणि जुने, काहींना शेवाळ चिकटलेले. दगड घमेल्यात भरायचे, ड्रममधल्या चुन्यात बुडवायचे, वाटेच्या कडेला ओळीने मांडायचे. देवळापासून बारवेपर्यंत आणि बारवेपासून थेट ओट्यापर्यंत ओळ आली. शेवटचा दगड माझ्या खोलीच्या दारासमोर बसला. ओळ दोऱ्याने आखल्यासारखी सरळ आहे. खरे सांगायचे तर मला अभिमान वाटला.

सगळ्यात खालची जमीन मात्र पाहायला नको होती. पालापाचोळा नाही, मुंगी नाही. माती गुळगुळीत आणि थोडी खोलगट, रोज कोणीतरी बसत असावे तशी. तिथे हिरव्या काकणाचा एक तुकडा पडला होता. तो मी उचलला नाही.

अक्कांनी विचारले, इतका चुना कशाला कालवला? मी म्हणालो, कडांना. दगड कोणते ते सांगितले नाही. जेवण नीट गेले नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी
अक्षर वाईट येत आहे, पण लिहितो.

सुटलेल्या जागी चुन्याचा दुसरा हात द्यायला दुपारी आत गेलो होतो. परत निघालो. बारवेपासून ओटा दहा मिनिटांचासुद्धा रस्ता नाही. चाललो, आणि समोर बारवेची पाटी आली. वाटले, विचारांत असेन. पुन्हा निघालो, बाण पाहत, एकेक. प्रत्येक बाण माझ्याच हातचा. समोर बारवेची पाटी. तिसऱ्यांदा धावत निघालो. तीच पाटी, त्याच 'बा'च्या कान्यावर माझ्या ब्रशचा तोच सुटलेला केस.

माझ्या मागे काचेची काकणे वाजत होती. हळू. गाठोडे या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावे तशी.

तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. बहीण भूमिका बोदवडहून विचारत होती, की तिची कंपासपेटी मी कुठे ठेवली. मी काय बोललो ते आठवत नाही. ती मला वेंधळा म्हणत होती आणि मी चालत होतो, आणि झाडीतून ओट्याची कौले दिसली.

मला जे झाले ते मला कळते आहे. आता तरी अक्कांना सांगायला हवे. उद्या आबा येतील, त्यांनाच सांगतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी. दुपार
आबा दहाच्या सुमारास आले. लग्नातला लाडू माझ्या हातावर ठेवता ठेवता त्यांची नजर पांढऱ्या ओळीवर गेली. विचारले, इतला दगड कोठेन लया? मी सांगितले. सगळे सांगितले, कालचेही.

त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरे झाले असते. ते ओट्यावर बसले, वहाणा झटकल्या आणि पुन्हा पायात घातल्या. म्हणाले, दुपार व्हवाना पहिले एक तरी दगड ठेवना पडी. अक्का आतून म्हणाल्या, जेवीसनी जा. आबा म्हणाले, भाकर थंडी व्हवाना पहिले येस.

मी म्हणालो, मीही येतो. घमेले आणायला मागे गेलो. परत आलो तर ते पहिल्या वळणाआड गेले होते. अकरा वाजले होते.

मी पळत गेलो असतो तर आम्ही दोघे झालो असतो. मी पहिल्या बाणापर्यंत गेलो. मग कालचे आठवले आणि माझे पाय

मी तिथेच उभा राहिलो. आता एक वाजला आहे. भाकरी झाकून ठेवली आहे.

गुरुवार, संध्याकाळ
आबा आले नाहीत.

गावातून सात जण आले. पोलीस पाटील सुकदेव नाना पुढे. सगळे मिळून आत गेलो, फेरी पूर्ण केली, तासात बाहेर आलो. आम्हाला काही झाले नाही. पण सगळ्या वाटेने आबांचा खोकला ऐकू येत होता. नेहमी पुढच्या वळणावर. नानांनी हाक मारली, आबांनी ओ दिली. आम्ही धावलो. खोकला पुढच्या वळणावर. आणि खोकल्याच्या पुढे काकणे.

परतल्यावर नानांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, तुले दुसरा दगड नही सापडनात का रे?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
पोलीस येऊन गेले. जंगलखात्याची माणसे येऊन गेली. चार-चारच्या टोळ्यांनी फिरले. काही नाही. बिबट्याची शंका लिहून घेतली.

पण वाटेवर सांडलेल्या चुन्यात ठसे आहेत. टायरच्या वहाणांचे. एकावर एक, इतके की नक्षी पुसली आहे. त्यांच्या बाजूला अनवाणी पावले. सगळी बाणांच्या दिशेने.

अक्का रात्रभर ओट्यावरच बसून होत्या. सकाळी त्यांनी पहिल्या वळणावर पाण्याचा तांब्या ठेवला. दुपारी आम्ही दोघांनी इथून ऐकले, आबा तांब्याजवळून गेले. पाणी दे वं, असे म्हणत गेले. अक्का ओरडल्या, पायाजवळ शे, पायाजवळ पहा. वहाणांचा आवाज थांबला नाही. आम्ही दोघे हात धरून तिथे गेलो. तांब्या काठोकाठ भरलेला.

योगराज सरांना फोन केला. ते म्हणाले, ढीग काढ असे मी कधी म्हणालो? लेखी आहे का? उद्घाटन पुढे ढकलले आहे आणि यापुढे मी त्यांना फोन करायचा नाही.

कासार तीन दिवस चालला होता. आबा काल अकराला गेले. म्हणजे परवा अकरापर्यंत. अक्कांनाही हा हिशोब कळतो.

शनिवार, २२ फेब्रुवारी
गावाने ठरवले, ढीग पुन्हा उभा करायचा. साठ-सत्तर माणसे आली. कडेचा पांढरा दगड प्रत्येकाने एकेक उचलायचा, सगळ्यांनी मिळून आत जायचे, अंजनाखाली ठेवायचा, बस रे भाऊ म्हणायचे, बाहेर यायचे, पुन्हा जायचे. मी पहिला होतो. या वेळी मला लाज वाटली नाही.

उपाय लागू पडत होता. ढीग गुडघ्याइतका झाला तशी काकणे मंदावली. सगळ्यांना हायसे वाटले. कोणीतरी म्हणाले, बठी ऱ्हायना, बठी ऱ्हायना.

अक्का काठी टेकत आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ऐका. आम्ही ऐकले. वहाणाही मंदावल्या होत्या. एक पाऊल. मग बऱ्याच वेळाने दुसरे. खोकला जमिनीजवळून येत होता, जसा वाकलेल्या माणसाचा येतो.

आम्ही कासाराला बसवत नव्हतो. जो चालतो आहे त्या प्रत्येकाला बसवत होतो.

अक्का ढिगावर पडल्या. दोन्ही हातांनी दगड फेकू लागल्या, आडवे आलेल्याला शिव्या देत. एक नख निघाले. मीही फेकू लागलो. ढीग सपाट झाला तेव्हा वहाणा पुन्हा चालू लागल्या, आणि अक्का मातीत बसून हसल्या. ते हसणे मला—

संध्याकाळी नाना ओट्यावर आले. म्हणाले, अक्का, बुधवारी शेकडो माणसे येतील, लेकरे येतील, वाट उघडी ठेवता येणार नाही. उद्या अकरापर्यंत थांबतो. मग गाव दगड ठेवेल आणि तू अडवायचे नाहीस.

मी म्हणालो, सगळे बाणांच्या दिशेने शोधत आहेत म्हणून ते पुढेच राहतात. गोल वाटेवर उलटे चालले तर समोरासमोर भेटलेच पाहिजेत. उलटी फेरी कोणी घालणार नाही. एकाने घरी लेकरे आहेत म्हटले, दुसऱ्याने मान खाली घातली. अक्का उठल्या, पण गुडघ्याने त्यांना पायरीवरच बसवले.

मी जाईन. जाताना एक, येताना दोघे.

रविवार, २३ फेब्रुवारी. सकाळी आठ
पाण्याच्या दोन बाटल्या. वही, पेन. मोबाइल अक्कांकडे दिला, कारण बुधवारसारखा तो वाजला तर मी एकटा उरणार नाही आणि आबा भेटणार नाहीत; भूमिकाचा फोन आला तर काहीतरी सांगा म्हणालो. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बोटाला चिंधी बांधलेली आहे.

उजव्या बाजूने शिरतो.

बारव. सगळे बाण माझ्या छातीकडे रोखलेले. उलटे चालताना ते असे दिसतील हे लक्षात आले नव्हते.

आवाज समोरून येतो आहे. पहिल्यांदाच समोरून—

काकणे आधी आली. कोणी दिसले नाही. कडेला उभा राहून श्वास धरला. तहानेचा वास येतो का? आला. मग ते पुढे गेले.

मग खोकला.

आबा सापडले. जिवंत. ओठ काळे, डोळे उघडे, पण माझ्यावर नाहीत. मनगट धरले तरी पाय जागच्या जागी चालतच होते. अर्धी बाटली सांडली, अर्धी पोटात गेली. त्यांनी विचारले, तू कोना पोऱ्या? खैरदऱ्यानी वाट कोनती? मी म्हणालो, चला, मी दखाडस. हात धरला आहे. आता लिहीत नाही.

कौले दिसली. ओटा दिसला. अक्का दिसल्या, पायरीवर उभ्या. आबांनाही दिसल्या. ते लहान मुलासारखे काहीतरी ओरडले, माझा हात झटकला आणि धावले. मीही धावलो. चारच पावले मागे होतो, चारच

बारवेची पाटी.

पुन्हा.

पुन्हा.

अक्कांचा आवाज झाडीतून येतो आहे. रडत आहेत आणि आबांना फाडफाड बोलत आहेत. म्हणजे ते पोहोचले. आबा पोहोचले. हे ठळक लिहून ठेवतो.

मी हाका मारतो आहे. इतक्या जवळून

जीपचा आवाज. नाना म्हणत आहेत, धुळ्याला न्या, लवकर, अक्कालाही बसवा. अक्का काहीतरी ओरडत आहेत, इंजिनात कळत नाही. जीप गेली. मोबाइल त्यांच्याजवळ आहे.

उलटा चाललो. सरळ चाललो. डोळे मिटून चाललो. बारव.

पाणी खाली आहे हे मला माहीत आहे. सतरा पायऱ्या. मी उतरतो आणि वर पाटीपाशी येतो.

माणसे आत येत आहेत. पुष्कळ. अकरा वाजले असतील. कोणीतरी विचारले, पेंटर कोठे शे? दुसरा म्हणाला, गाडीत गया व्हई. मी त्यांच्या शेजारून ओरडतो आहे. शेजारून. एकाच्या खांद्याला माझा हात लागला असावा, त्याने खांदा झटकला.

पहिला दगड ठेवला. मी त्या अंजनापासून लांब आहे, तरी मांड्यांवर ओझे आले. ते बस म्हणतात. किती सौजन्याने म्हणतात.

काकणे माझ्या बाजूलाच थांबली आहेत. तोही—

गुडघे वाकले. मी वाकवले नाहीत.

बसलो आहे. पाठीला झाड आहे. हे झाड इथे नव्हते. वर ऊन आहे, सगळीकडे पांढरे दिसते. हात अजून चालतो, तोवर कोणाचे काही राहायला नको.

झालेला खर्च: बस व रिक्षा २७० रुपये. ब्रश १८०. पाण्याच्या बाटल्या ४०. एकूण ४९०, हे माझे मी केले, कोणाकडे मागू नये.

देणे: धुळ्याच्या रंगाच्या दुकानात चुन्याचे ६४०. मावसभावाचे उसने ५००. मंदा अक्कांकडे जेवणाचे रोज शंभरप्रमाणे कालपर्यंत तेरा दिवसांचे १३००.

एकूण देणे दोन हजार चारशे चाळीस. समितीकडून माझे जे येणे असेल त्यातून आधी अक्कांचे द्यावे. आजचे जेवण यात धरलेले नाही, कारण आज मी अजून